आधी मीटरला विचारा

पाण्याचे बिल नेहमीपेक्षा जास्त आले की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढे पाणी सांडते कोण?" मग बोटे फिरू लागतात. सासूबाई म्हणतात, सुनेला नळ घट्ट बंद करायची सवय नाही. मोठी जाऊ म्हणते, वरच्या मजल्यावरचे वॉशिंग मशीन दिवसभर चालते. भाडेकरूकडे संशयाने पाहिले जाते. मुलांना आंघोळीवरून बोलणी बसतात. या सगळ्या बोलाचालीत जिला खरे काय ते ठाऊक आहे, अशी घरातली एकच वस्तू दाराबाहेरच्या खड्ड्यात झाकणाखाली मुकाट पडलेली असते. ती वस्तू म्हणजे पाण्याचा मीटर.

दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर मांडतो. गॅसची टाकी कधी लावली ती तारीखही तिथेच लिहितो. विजेचा मीटर निदान एकाला तरी वाचता येतो. पाण्याच्या मीटरचे झाकण मात्र नगरपालिकेचा माणूस येईल तेव्हाच उघडते. आता बऱ्याच शहरांत नळांना मीटर बसले आहेत, उरलेल्या ठिकाणी बसत आहेत. कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. नागपूर आणि पुण्यातही त्या दिशेने कामे झाली आहेत. म्हणून मीटर वाचता येणे ही आता चैन राहिलेली नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आणि आमच्या मते सातवीच्या पुढच्या प्रत्येक मुलामुलीला ते यायला हवे. शिकायला दहा मिनिटे पुरतात.

मीटर म्हणतो काय?

घरगुती नळाला बहुधा अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरचा मीटर असतो. त्याच्या पोटात पात्यांचे एक छोटे चाक असते. पाणी आत शिरले की पात्यांवर आदळते आणि चाक फिरते. त्याचे फेरे दातेरी चक्रांमधून वरच्या तबकडीवरच्या आकड्यांपर्यंत पोहोचतात. मीटरच्या अंगावर एक बाण असतो. तो पाण्याची दिशा दाखवतो, म्हणून त्याचे टोक घराकडे असले पाहिजे. वाचण्याआधी काच ओल्या फडक्याने पुसून घ्या. मीटरला लावलेले सील मात्र कधीही तोडू नका.

तबकडीवर तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट म्हणजे काळे आकडे. हे पूर्ण घनमीटर असतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल अशा हौदात जेवढे पाणी मावेल ते एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर. बिलावर ज्याला 'युनिट' म्हटलेले असते ते बहुतेक ठिकाणी हेच. मुले घनफळाचे गणित शाळेत करतात आणि विसरतात. ते गणित दाराबाहेर रोज फिरत असते, हे त्यांना दाखवले तर विसरणार नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे लाल रंग. काही मीटरांत काळ्या आकड्यांच्याच ओळीत शेवटचे काही आकडे लाल असतात. काहींत लाल काट्यांची छोटी घड्याळे असतात आणि त्यांच्याजवळ ०.१, ०.०१, ०.००१, ०.०००१ असे लिहिलेले असते. ०.१ च्या घड्याळातला एक आकडा म्हणजे १०० लिटर, ०.०१ च्या घड्याळातला एक आकडा म्हणजे १० लिटर, आणि ०.००१ च्या घड्याळातला एक आकडा म्हणजे १ लिटर. शेवटच्या घड्याळाचा काटा एक पूर्ण फेरा मारतो तेव्हा एक लिटर पाणी गेलेले असते. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर मागचा, म्हणजे लहान आकडा धरायचा.

समजा, काळे आकडे ००३४७ आहेत आणि लाल काटे अनुक्रमे ६, २, ५ आणि ८ वर आहेत. मग वाचन झाले ३४७.६२५८. म्हणजे ३४७ घनमीटर आणि वर ६२५ लिटर. बिलासाठी फक्त काळे आकडे लागतात. गळती शोधायला मात्र लाल आकडे फार उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट म्हणजे तबकडीवरची चांदणी किंवा छोटे त्रिकोणी चाक. पाण्याची बारीकशी धार गेली तरी ते फिरते. गळतीचा पहिला इशारा तेच देते. ते नुसते पुढे-मागे थरथरत असेल तर घाबरू नका. नळाच्या दाबातल्या चढउतारानेही तसे होते. एकाच दिशेने सावकाश पण न थांबता फिरत असेल, तर कुठेतरी पाणी चालले आहे असे समजा.

आपले घर किती पाणी घेते?

मागच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला काळे आकडे ००३३१ होते आणि या महिन्याच्या पहिल्या तारखेला ००३४७ आहेत, असे धरू. वजाबाकी १६. म्हणजे महिन्यात १६ युनिट, १६,००० लिटर. तीस दिवसांनी भागले की रोजचे सुमारे ५३३ लिटर. घरात सहा माणसे असतील तर माणशी ८९ लिटर.

भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. गावांसाठी जल जीवन मिशनने ५५ लिटर धरले आहेत. हे आकडे जवळ असले की आपले घर कुठे बसते ते कळते. पण दुसऱ्या घराशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच घराच्या मागच्या महिन्यांशी करावी. माणसे तीच, कामे तीच आणि युनिट १६ चे २६ झाले, तर काहीतरी बिनसले आहे.

आपल्या घरांत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रमजानमध्ये सहरी-इफ्तारची भांडी, पाहुण्यांची ये-जा आणि ईदच्या आधीची साफसफाई यांमुळे पाणी जास्त लागते. रमजान दरवर्षी इंग्रजी महिन्यांच्या हिशेबाने दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणून यंदाचा मार्च आणि मागच्या वर्षांमधला एखादा मार्च यांची तुलना करताना रमजान कोणत्या मार्चमध्ये होता ते पाहावे. वहीत तशी खूण केली की गैरसमज होत नाही.

आपल्याकडची अडचण

गळती तपासायची सर्वांना माहीत असलेली रीत सोपी आहे. घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटर पाहायचा. तो फिरत असेल तर गळती आहे, थांबला असेल तर नाही. जिथे चोवीस तास पाणी असते तिथे ही रीत पुरते. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास येते, कुठे एक दिवसाआड, कुठे त्याहूनही उशिरा. ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून नळांना येते. पाणी गेल्यावर मीटर थांबतो. पण गच्चीवरच्या टाकीतून रात्रभर पाणी गळत असले तरी मीटर थांबलेलाच दिसतो. 'मीटर फिरत नाही, म्हणजे गळती नाही' असे समजून माणूस निर्धास्त होतो आणि बिल मात्र वाढत राहते.

मीटर घरात शिरणारे पाणी मोजतो, वापरलेले नव्हे. म्हणून आपल्याकडे तपासणी तुकड्या-तुकड्यांनी करावी लागते. आम्ही चार चाचण्या सांगतो. त्यांना कुठलेही यंत्र लागत नाही. सुतळी, काठी, खडू, मोजपट्टी आणि खाण्याचा रंग एवढे पुरे.

चाचणी पहिली : मीटर ते टाकी

ही पाणी चालू असतानाच करायची. पाणी आल्या-आल्या लगेच करू नका. पाइपातली हवा आधी बाहेर पडते आणि तिच्यानेही मीटरचे चाक गरगर फिरते. धार नीट लागली की थेट लाइनवरचे सगळे नळ बंद करा. जमिनीखालच्या टाकीतल्या बॉलकॉकचा गोळा वर उचलून सुतळीने बांधा, म्हणजे टाकीत पडणारे पाणी थांबेल. टाकीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह असेल तर तो बंद केला तरी चालेल. आता चांदणी पाहा. ती एका दिशेने फिरत असेल तर मीटर आणि टाकी यांच्यामधला पाइप गळतो आहे. चांदणी नसेल तर लाल आकडे लिहून ठेवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. झाल्यावर सुतळी सोडायला विसरू नका.

चाचणी दुसरी : जमिनीखालची टाकी

पाणी येऊन गेल्यानंतर, इशाच्या नमाजनंतर मोटार बंद ठेवून ही करायची. कोरडी काठी टाकीच्या तळाला टेकवा, बाहेर काढा आणि जिथपर्यंत भिजली तिथे खूण करा. फजरच्या वेळी त्याच जागी पुन्हा काठी टेकवा. पातळी उतरली असेल तर टाकीला चीर आहे. सहा फूट बाय पाच फूट टाकीत एक इंच पातळी म्हणजे सुमारे ७० लिटर पाणी.

कधी उलटेही दिसते. पाणी आलेले नसताना पातळी वाढलेली असते. पावसाळ्यात असे दिसले तर ती अधिक काळजीची गोष्ट आहे. चिरेतून बाहेरचे पाणी आत येत आहे, असा त्याचा अर्थ. ते पाणी पिऊ नका. टाकी उपसून, स्वच्छ करून, चीर बुजवून मगच वापरा.

चाचणी तिसरी : गच्चीवरची टाकी

यासाठी दोन रात्री लागतात. पहिल्या रात्री टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि टाकीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून लिहा. सकाळी अंतर वाढले असेल तर टाकीच गळते आहे. दुसऱ्या रात्री तो व्हॉल्व्ह उघडा ठेवा, पण घरातले सगळे नळ बंद करा. फ्लशच्या टाक्या भरून होऊ द्या आणि मग अंतर मोजा. रात्री कोणी उठले तर त्याच्यासाठी एक बादली भरून ठेवा. पहिल्या रात्री पातळी जागची हलली नाही आणि दुसऱ्या रात्री उतरली, तर गळती घरातल्या पाइपात, नळात किंवा फ्लशमध्ये आहे. एक मीटर रुंदीच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे सुमारे ८ लिटर.

याच वेळी टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाकडेही पाहून घ्या. मोटार चालू करून विसरणे हा बऱ्याच घरांचा रोजचा प्रकार आहे. मोटार चालू केली की मोबाइलवर गजर लावणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

चाचणी चौथी : फ्लश आणि नळ

गोड भातासाठी आणलेला खाण्याचा रंग घरात असतोच. त्यातला चिमूटभर फ्लशच्या टाकीत टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी वॉशर झिजला आहे. फ्लशमधले पाणी आतल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढून तिच्यातून वाहत असेल तर गोळा खाली बसवून पातळी कमी करावी लागेल. फ्लशची गळती सर्वांत फसवी. पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पातळ सरकत जाते. आवाज होत नाही, फरशी भिजत नाही.

नळ ठिबकत असेल तर अंदाज न करता मोजा. नळाखाली २०० मिलिलिटरचा पेला ठेवा. तो दहा मिनिटांत भरला तर तासाला १.२ लिटर, दिवसाला २८.८ लिटर आणि महिन्याला ८६४ लिटर. म्हणजे जवळजवळ एक युनिट, एकाही माणसाच्या उपयोगी न पडता गेले.

भिंतीवर सतत ओल येणे, रंगाचे पोपडे सुटणे, उन्हाळ्यातही अंगणातला एकच कोपरा हिरवा राहणे, मोटार पूर्वीपेक्षा वारंवार लावावी लागणे, ही सगळी गळतीची लक्षणे आहेत. मोठ्या इमारतीत राहणाऱ्यांना स्वतःचा मीटर नसेल, सगळ्या सोसायटीचा मिळून एकच असेल. त्यांनीही ही चौथी चाचणी आपल्या फ्लॅटमध्ये करावी आणि पहिल्या तीन करायला सोसायटीला सांगावे.

मीटर चूक असेल तर?

तीही शंका मिटवता येते. लिटरच्या खुणा असलेला वीस लिटरचा कॅन घ्या. पाणी चालू असताना बाकी सगळे बंद ठेवून थेट लाइनवरच्या नळाने तो पाच वेळा भरा. शंभर लिटर झाले. लाल आकड्यांतही शंभरच्या आसपास फरक दिसला पाहिजे. तफावत मोठी असेल तर तारीख, वेळ आणि दोन्ही वाचने लिहून नगरपालिकेकडे मीटर तपासण्यासाठी लेखी अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या. बिलावर मागचे वाचन आणि चालू वाचन छापलेले असते. ते आपल्या वहीशी जुळवून पाहा. घर बंद होते म्हणून सरासरीने बिल लावले असेल, तर तेही तिथेच कळते.

एका घरात काय झाले

आमच्या परिचयातल्या एका घरात तीन भाऊ एकत्र राहतात. चुली वेगळ्या, मीटर एक. खाली मोठे भाऊ, वर मधले, मागच्या दोन खोल्यांत धाकटे. बिल माणशी वाटून घ्यायचे, असे त्यांच्या अब्बांनी ठरवून दिलेले. एकदा दोन महिन्यांचे २४ युनिट येत होते त्याचे ४१ आले. त्याच सुमारास धाकट्याचे लग्न झालेले. बोलणे नव्या सुनेवर आले. ती माहेरी चोवीस तास पाणी असलेल्या शहरात वाढलेली, तिला पाण्याची किंमत काय ठाऊक, असे मोठ्या भाभी बोलून गेल्या. सुनेने उत्तर दिले नाही. तिने धुणे-भांडी निम्म्या पाण्यात करायला सुरुवात केली. तरीही पुढच्या पंधरा दिवसांत मीटर तसाच पळत राहिला.

मधल्या भावाची मुलगी सातवीत आमच्या वर्गात होती. घनफळाचा धडा झाल्यावर आम्ही मुलांना घरचा मीटर आठ दिवस सकाळ-संध्याकाळ लिहून आणायला सांगितले होते. हिच्या वहीतला आकडा वर्गात सर्वांत मोठा निघाला. तिने मोठ्या अब्बांना सोबत घेऊन एकेक चाचणी केली. मीटरपासून टाकीपर्यंत ठीक. जमिनीखालची टाकी ठीक. गच्चीवरच्या टाकीची पातळी पहिल्या रात्री हलली नाही. दुसऱ्या रात्री सात तासांत दहा सेंटिमीटर उतरली. म्हणजे सुमारे ८० लिटर, दिवसाला २७५ च्या आसपास, आणि दोन महिन्यांत साधारण १७,००० लिटर. वाढलेले युनिट १७ च होते.

मग तिने तिन्ही फ्लशमध्ये केशरी रंग टाकला. रंग उतरला तो खालच्या मजल्यावर, मोठ्या भाऊंच्या स्वतःच्या संडासात. वॉशर झिजलेला होता. प्लंबरने तो अर्ध्या तासात बदलला. मोठ्या भाभींनी सुनेला जवळ बोलावून माफी मागितली आणि तिनेही मनात ठेवले नाही, हे त्या दोघींचे मोठेपण. सगळीकडे असे होत नाही. वॉशर बदलता येतो. बोललेला शब्द परत घेता येत नाही.

सूरह हुजुरातमध्ये ईमानवाल्यांना पुष्कळसा संशय टाळण्याची ताकीद आहे. बदगुमानीची सुरुवात नेहमी मोठ्या गोष्टींवरून होत नाही. ती पाण्याच्या बिलावरूनही होते आणि घराच्या भिंतीतली ओल जशी आतल्या आत पसरते तशी पसरते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, माणसाला विचारण्याआधी मीटरला विचारावे. तो कोणाच्या बाजूचा नसतो.

गळती म्हणजे आजाराचे दार

ज्या चिरेतून पाणी बाहेर जाते, त्याच चिरेतून आतही येऊ शकते. पाणी चालू असते तेव्हा पाइपात दाब असतो, म्हणून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब जातो. पाइप गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच गेलेला असेल, तर आजूबाजूची घाण त्या चिरेतून आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पाणी आले की पहिल्या लोंढ्यात ती आपल्या टाकीत येते. कावीळ, हगवण, कॉलरा, विषमज्वर हे आजार अशा पाण्यातून पसरतात. काही घरे नळाला थेट मोटार लावून पाणी ओढतात. त्याने हा धोका आणखी वाढतो, शिवाय पुढच्या घराचे पाणी तुटते. नगरपालिका त्याला मनाई करते ती याचसाठी.

नळाच्या पहिल्या पाण्याला वास येत असेल किंवा ते गढूळ असेल तर ते टाकीत घेऊ नका, नगरपालिकेला कळवा आणि पिण्याचे पाणी उकळून घ्या. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर यात हयगय नको.

जी गळती बिलात येत नाही

मीटरच्या अलीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला पाइप गळत असेल तर आपल्या बिलात एक पैसाही वाढत नाही. चांदणी फिरत नाही, आकडा हलत नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाशी महिनोन् महिने डबके साचलेले असते आणि त्यातून वाट काढत सगळे मशिदीत, शाळेत, बाजारात जातात. पैसे जात नाहीत तिथे आपले लक्षही जात नाही. पण ते पाणी कोणाच्या तरी हक्काचे आहे. बहुधा गल्लीच्या शेवटच्या घराचे, जिथे धार करंगळीएवढी येते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पहिल्या गाडीत दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या गाडीची बातमी देशभर झाली. आता दहा मिनिटांत एक पेला भरणारा तो ठिबकता नळ आठवा. महिन्याला ८६४ लिटर. असे सुमारे ५८० नळ एक महिना ठिबकले की ती पाच लाख लिटरची गाडी रिकामी होते. एखाद्या मध्यम मोहल्ल्यात तेवढी घरे सहज असतात. आपल्या मोहल्ल्यातून दर महिन्याला अशी एक गाडी गटारात जात असेल, तर तिची बातमी कोण देणार?

रस्त्यावरची गळती दिसली की तिचा फोटो काढावा, जागेची खूण सांगून नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात लेखी तक्रार करावी आणि पोच जपून ठेवावी. एकट्याने करण्यापेक्षा दहा घरांनी सह्या करून दिलेला अर्ज जास्त लवकर हलतो.

वुजूचे पाणी

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत नमूद आहे. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. चार मुद्द म्हणजे एक साअ. आजच्या मापात एक मुद्द साधारण लिटरभर किंवा त्याहून कमी भरतो.

एकदा वुजू करताना नळाखाली बादली ठेवून पाहा. नेहमीसारखा नळ सोडा, नेहमीसारखी वुजू करा आणि मग बादलीतले पाणी लिटरच्या भांड्याने मोजा. दुसऱ्या वेळी नळ अर्धा सोडा आणि मसह करताना बंद करा. दोन्ही आकडे लिहा. फरकाला पाचने गुणा, मग घरातल्या नमाजी माणसांच्या संख्येने. मुलांकडून हे करवून घेतले तर इस्राफ म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ते बादलीत दिसते.

वहीचे एक पान

एक दोनशे पानी वही नको, एक पानही पुरते. त्यावर चार रकाने आखा : तारीख, मीटरचे वाचन, मागच्या वेळेपेक्षा फरक, शेरा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेल्या वेळी वाचन लिहायचे. शेऱ्यात पाहुणे, रमजान, लग्न, टाकी धुतली, नळ बदलला अशा नोंदी करायच्या. सोबत मीटरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा. पहिले तीन महिने काही कळणार नाही, नुसते आकडे जमतील. चौथ्या महिन्यापासून त्या आकड्यांना अर्थ येऊ लागतो. कुठला फरक सवयीचा आणि कुठला खटकणारा, ते मग लगेच कळते.

हे काम घरातल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा. वाचन चुकले तर रागावू नका, पुन्हा बघायला पाठवा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, वरच्या चारही चाचण्या सगळ्यांनी मिळून करा. त्यासाठी एक जुम्याची रात्र आणि पुढची एक रात्र एवढा वेळ पुरतो.

पाणी ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब ठेवावा लागतो. आपल्या घरचा हिशेब दाराबाहेरच्या खड्ड्यात मांडून ठेवलेला आहे. आज असर आणि मगरिबच्या मध्ये झाकण उचलून काच पुसा आणि पहिला आकडा लिहून ठेवा. अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या नेमतीची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.